चाल कुणाची? : रॉकचे रसिक आणि ऱ्हिदम अँड ब्लूज



ज्या शाळेच्या बाकांवर बसून आपण पाढे म्हटले, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलायचे म्हणजे मनावर दडपण येतेच. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते आमचे सर आज आपल्यात नाहीत. तरीही ते पहिल्या रांगेत बसून माझे उच्चार तपासत आहेत, असा भास मला मघापासून होतो आहे. संयोजकांनी मला विषयाचे स्वातंत्र्य दिले आणि मी जो विषय कळवला तो वाचून त्यांनी दोनदा खात्री करून घेतली, हे मी प्रांजळपणे सांगतो. बेळगावच्या मराठी शाळेत अमेरिकेतील ऱ्हिदम अँड ब्लूजवर व्याख्यान कशासाठी, हा प्रश्न आपल्याही मनात असेल. त्याचे उत्तर सरांपासूनच सुरू होते.

सर आम्हाला मराठी शिकवीत आणि स्नेहसंमेलनाचे नाटक बसवीत. एका वर्षी ‘सौभद्रा’तील एक प्रवेश बसवायला घेतला होता. संगीत नाटकाचे छापील पुस्तक आपण पाहिले असेल. त्यात प्रत्येक पदाच्या माथ्यावर कंसात ‘चाल’ असा शब्द असतो आणि त्यापुढे ज्या जुन्या गीताच्या चालीवर ते पद बांधले, त्याचे आरंभीचे शब्द असतात. आम्ही मुले ती ओळ गाळून थेट पदावर उडी घेत असू. सर थांबवीत आणि म्हणत, “वरची ओळ वाचली नाहीस. आधी चाल कुणाची ते सांग, मग पद म्हण.” त्या वेळी ती शिक्षा वाटली होती. पुढे अनेक वर्षांनी, सर्वस्वी परक्या संगीताच्या संदर्भात, ती दीक्षा होती हे कळले. आजचे माझे बोलणे त्या एका वाक्याचा विस्तार आहे.

माझ्या तरुणपणी, १९७० च्या दशकात, इंग्रजी गाणी आमच्यापर्यंत दोन वाटांनी येत. एक रेडिओ आणि दुसरी माझा एक गोवेकर मित्र. त्याचा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता आणि प्रत्येक सफरीहून परतताना तो तबकड्या आणी. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन ही आमची दैवते. त्यांच्यातील कोणते गाणे कोणत्या तबकडीच्या कोणत्या बाजूला आहे, हे आम्हाला तोंडपाठ होते. ‘ट्विस्ट अँड शाउट’ हे गाणे बीटल्सचेच, याविषयी आम्हा कुणालाही शंका नव्हती. ते आयझ्ली ब्रदर्स या कृष्णवर्णीय भावंडांनी १९६२ मध्ये गाऊन लोकप्रिय केले होते, हे मला कळले तेव्हा मी चाळिशीत होतो. म्हणजे वीस वर्षे मी पद म्हणत होतो आणि वरची ओळ गाळत होतो.

हा केवळ माझ्या अज्ञानाचा प्रश्न असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. रॉक संगीताचा जो निष्ठावंत श्रोतृवर्ग जगभर आहे, त्याची ऱ्हिदम अँड ब्लूजविषयीची आवड कशी घडली आणि ती कोठे जाऊन अडली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. माणूस स्वतःची म्हणून जी अभिरुची मिरवतो, तिच्यात त्याचे स्वतःचे किती आणि दुकानदाराचे किती, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

प्रथम नावाविषयी. ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव कुणा गवयाने दिलेले नाही. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ हे व्यापारी साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची यादी वेगळी छापत असे आणि त्या यादीच्या मथळ्यात ‘रेस’ म्हणजे वंश हा शब्द होता. १९४९ मध्ये तो शब्द काढून त्या जागी ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असे नाव घालण्यात आले. ते सुचवण्याचे श्रेय जेरी वेक्सलर या पत्रकाराला दिले जाते. हेच वेक्सलर १९५३ मध्ये अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीत दाखल झाले. नाव सभ्य झाले, यादी मात्र वेगळीच राहिली. ती गाणाऱ्याच्या आणि विकत घेणाऱ्याच्या कातडीच्या रंगावरून केलेली होती. म्हणून या नावाखाली संथ ब्लूज आले, नाचाची उडती गाणी आली, मुलींच्या गायनसमूहांची कोवळी गाणी आली आणि चर्चमधील भक्तिगीतांच्या वळणाची गाणीही आली.

तरीही या साऱ्यांत एक समान सूत्र आहे आणि ते ठेक्यात आहे. आपण चार मात्रा मोजतो तेव्हा आपला हात पहिल्या मात्रेवर पडतो, कारण सम तिथे आहे. आता हाताने टाळी देऊन पाहा, पण पहिली मात्रा मोकळी सोडा आणि दुसरीवर व चौथीवर टाळी द्या. (सभागृहात टाळ्या.) पाहिलेत? अर्धे सभागृह तिसऱ्या फेरीत पुन्हा पहिलीवर आले. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा हा आघात म्हणजे या संगीताचा कणा. तो रॉकने उचलला आणि आज जगातील निम्मी गाणी त्यावर उभी आहेत. दुसरी खूण गायनाची. मुख्य गायक एक ओळ टाकतो आणि बाकीचे ती झेलून परत देतात. कीर्तनकाराने चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी ध्रुवपद उचलावे, तसाच हा प्रकार आहे. तो त्यांच्या चर्चमधून आला. ज्याने वारकऱ्यांचे भजन ऐकले आहे, त्याला हे गाणे परके वाटण्याचे कारण नाही.

आता रॉककडे वळू. बीटल्सची पहिली दीर्घ तबकडी १९६३ मध्ये निघाली. तीत १४ गाणी होती आणि त्यांतली ६ इतरांची. या सहांपैकी पाच गाणी ऱ्हिदम अँड ब्लूजच्या गायकांनी आधी गायलेली होती आणि त्या पाचांतली तीन मुलींच्या गायनसमूहांची. रोलिंग स्टोन्सनी तर आपले नावच मडी वॉटर्स यांच्या १९५० च्या एका गाण्यावरून घेतले. १९६४ च्या जूनमध्ये ही मंडळी अमेरिकेत गेली, तेव्हा शिकागोला जाऊन त्यांनी मडी वॉटर्स ज्या चेस कंपनीसाठी गात, तिच्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘लिटल रेड रूस्टर’ हे त्यांचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ते विली डिक्सन यांनी लिहिलेले आणि हाउलिन वुल्फ यांनी १९६१ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले होते. १९६५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात स्टोन्सना बोलावणे आले, तेव्हा त्यांनी हाउलिन वुल्फना सोबत आणले आणि स्वतः त्यांच्या पायाशी बसून त्यांचे गाणे ऐकले. मला या प्रसंगाचे फार मोल वाटते. लाखो गोऱ्या मुलांसमोर पदाच्या माथ्यावरची ओळ त्यांनी त्या दिवशी मोठ्याने वाचली.

सर्वांनी ती वाचली असे मात्र नाही. लेड झेपेलिनच्या १९६९ मधील ‘होल लॉटा लव्ह’ या गाण्याच्या शब्दांबाबत विली डिक्सन यांना न्यायालयात जावे लागले. डिक्सन यांचे मूळ गाणे मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये गायले होते. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांवर डिक्सन यांचे नाव आले. आमच्या मित्राच्या तबकडीवर ते नव्हते.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. ही सारी कथा ‘गोऱ्यांनी चोरले’ एवढ्या एका वाक्यात मांडणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ‘हाउंड डॉग’ हे गाणे एल्विस प्रेस्लेच्या आधी, १९५३ मध्ये, बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने गाजवले. तिच्या समाजाच्या यादीत ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. परंतु ते लिहिणारे लीबर आणि स्टोलर हे दोन गोरे तरुण होते. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत ज्या चार वादकांनी असंख्य गाण्यांना साथ केली, त्यांतले दोन काळे आणि दोन गोरे. ओटिस रेडिंग या थोर गायकाने १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सचे ‘सॅटिस्फॅक्शन’ आपल्या पद्धतीने गायले. त्या गाण्याची मुख्य सुरावट कीथ रिचर्ड्स यांनी ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारख्या वाद्यांसाठी कल्पिली होती, पण स्टोन्सच्या तबकडीवर ती गिटारवरच राहिली. रेडिंग यांनी ती त्या वाद्यांना दिली. घेतलेले असे परतही येत होते. ‘बिलबोर्ड’ने नोव्हेंबर १९६३ अखेरपासून जानेवारी १९६५ पर्यंत ऱ्हिदम अँड ब्लूजची वेगळी यादी छापणेच थांबवले होते, कारण दोन्ही याद्यांत बरीचशी तीच गाणी दिसू लागली होती. कुंपण जवळजवळ पडले होते.

मग ते पुन्हा कोणी उभे केले?

त्याचा मोठा वाटा रेडिओकडे जातो. १९७० च्या दशकात अमेरिकेतील रॉक केंद्रांनी आपला श्रोता नेमका कोण हे ठरवून कार्यक्रम आखायला सुरुवात केली. तरुण, गोरा, पुरुष असा तो श्रोता कल्पिलेला होता. त्याला जे आवडेल असे वाटले ते वाजवायचे आणि त्याला चुकून नावडेल असे वाटले ते टाळायचे. १९८० च्या दशकात ‘क्लासिक रॉक’ म्हणजे अभिजात रॉक या नावाने जी केंद्रे निघाली, त्यांनी ही निवड कायमची करून टाकली. जिमी हेंड्रिक्स हा त्यांच्या यादीतला जवळजवळ एकमेव काळा वादक. आणि हेंड्रिक्सने आपली उमेदवारी आयझ्ली ब्रदर्स आणि लिटल रिचर्ड यांच्या साथीत केली होती, हे ती केंद्रे ऐकणाऱ्या किती जणांना माहीत होते?

या शाळेत जो श्रोता तयार झाला, त्याच्या आवडीचे स्वरूप मी स्वतःवरून सांगू शकतो. त्याला ऱ्हिदम अँड ब्लूज आवडते, पण त्यातले गिटारचे. मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, बी. बी. किंग यांच्यापाशी तो चटकन पोहोचतो, कारण त्याच्या दैवतांनी तिकडे बोट दाखवलेले असते. जिथे गिटार मागे जाते आणि गळा पुढे येतो, तिथे त्याचे पाऊल अडखळते. मुलींचे गायनसमूह त्याला पोरकट वाटतात, आणि हे कोण म्हणतो? ज्याचे लाडके बीटल्स त्याच मुलींची गाणी गात गात वर आले, तो. नाचाचे गाणे तो हलके समजतो. कलावंताने स्वतःची गाणी स्वतः लिहावीत अशी त्याची श्रद्धा असते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत गीतकार, वादक आणि गायक निरनिराळे असत, हे त्याला कारखानदारीसारखे वाटते. या न्यायाने आपल्याला लता मंगेशकरही वर्ज्य कराव्या लागतील! त्या मोटाउनच्या गाण्यांत जेम्स जेमरसन यांनी जे बास गिटार वाजवले, त्यावर पुढच्या पिढीचे बासवादक तयार झाले. पण तबकडीवर वादकांची नावे छापण्याची तिथे पद्धत नव्हती. ती १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर छापली गेली.

आणि या श्रोत्याचे घड्याळ १९७२ च्या सुमारास थांबते. त्यानंतरचे ऱ्हिदम अँड ब्लूज त्याला ऐकवत नाही. याचे टोक १२ जुलै १९७९ रोजी शिकागोत दिसले. एका रॉक केंद्राच्या निवेदकाने बेसबॉलच्या मैदानात दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्को संगीताच्या तबकड्या स्फोटाने उडवण्याचा कार्यक्रम केला. गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या दिवशी तिथे व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण कामाला होता. पुढे तो स्वतः संगीतकार झाला. लोकांनी जाळायला आणलेल्या तबकड्यांत डिस्कोखेरीज कृष्णवर्णीय गायकांच्या साध्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्याही होत्या, असे त्याने नंतर सांगितले. डिस्को न आवडणे हा गुन्हा नव्हे. पण आवडीनिवडीचा वणवा होतो तेव्हा तो कुणाच्या घरापर्यंत पोहोचतो, हे पाहावे लागते.

दुसरा प्रसंग प्रिन्स या कलावंताचा. १९७२ मध्ये स्टीव्ही वंडर रोलिंग स्टोन्सबरोबर अमेरिकाभर फिरले आणि त्यांच्या आधी रंगमंचावर गायले. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजलिसला स्टोन्सनी प्रिन्सला तीच जागा दिली. श्रोत्यांनी हुर्यो उडवून आणि वस्तू फेकून त्याला रंगमंचावरून हाकलले. मध्ये जेमतेम नऊ वर्षे लोटली होती. स्टोन्स तेच होते आणि ऐकणारे कान मात्र आखडले होते. पुढे २००४ मध्ये रॉकच्या सन्मानसोहळ्यात जॉर्ज हॅरिसन यांच्या स्मरणार्थ त्यांचेच गाणे वाजवले गेले, तेव्हा अखेरचे गिटारवादन याच प्रिन्सने केले. जे रॉकचे रसिक आज त्या वादनाची थोरवी सांगतात, त्यांच्यात १९८१ चे कुणी असेलही.

आता मी ज्या दोन माणसांसाठी हा सारा प्रपंच मांडला, त्यांच्याकडे येतो.

पहिली रूथ ब्राउन. १९५० च्या दशकात तिच्या तबकड्या इतक्या खपल्या की अटलांटिक कंपनीला लोक ‘रूथने बांधलेले घर’ म्हणू लागले. १९६० च्या दशकात काळ पालटला. गोऱ्या मुलांच्या वाद्यवृंदांनी बाजार व्यापला आणि या गायिकेने मुले वाढवण्यासाठी घरकाम केले, शाळेची बस चालवली. तिच्या गाण्यांच्या मानधनाचा हिशेब कागदावर नेहमी तिच्याच अंगावर बाकी दाखवीत असे. तिने तो हिशेब लावून धरला. तिच्या झगड्यातून कंपनीने जुन्या कलावंतांच्या नावावरची बाकी सोडली आणि १९८८ मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूजच्या वृद्ध कलावंतांना मदत करणारी एक संस्था उभी राहिली.

दुसरा आर्थर अलेक्झांडर, अलाबामा राज्यातला. याची गाणी बीटल्सनी गायली, रोलिंग स्टोन्सनी गायली आणि बॉब डिलननेही गायली. आपल्या पहिल्याच तबकडीवर बीटल्सनी याचे ‘अ‍ॅना’ घेतले. या माणसाने पुढे संगीत सोडले आणि क्लीव्हलंड शहरात मुलांची ने-आण करणारी बस चालवली. १९९३ मध्ये त्याची नवी तबकडी निघाली, रसिकांनी कौतुक केले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो वारला.

मित्रहो, दोघेही बस चालवीत होते. त्या बसमध्ये बसलेल्या मुलांच्या घरी कदाचित बीटल्सच्या तबकड्या असतील. गाण्यावर प्रेम करणारा श्रोता आणि ते गाणे घडवणारा माणूस यांच्यात त्या वेळी बसच्या एका आसनाचे अंतर होते आणि ते ओलांडण्याची सोय कुणी ठेवली नव्हती. मी बेळगावात तबकडी ऐकत होतो, त्याच वर्षांत आर्थर अलेक्झांडर संगीतापासून दूर गेला होता. मला हे माहीत असते तर त्याला काय उपयोग झाला असता, असे कुणी विचारील. एका माझ्या कळण्याने काहीच नाही. पण लक्षावधी श्रोत्यांनी ‘चाल कुणाची?’ असे विचारले असते, तर दुकानदाराला त्याची तबकडी ठेवावी लागली असती आणि कंपनीला हिशेब दाखवावा लागला असता. श्रोत्याची जिज्ञासा हीसुद्धा एक मजुरी आहे. ती न दिली तर कुणाचे तरी घर चालत नाही.

आपल्या नाटकवाल्यांकडे पाहा. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ त्यांनी रंगभूमीवर आणले. त्यांनी कानडी पदांच्या चाली मोकळेपणाने घेतल्या आणि मराठी माणसाने त्या आपल्या मानून डोक्यावर घेतल्या. भास्करबुवा बखले यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी रागदारीतील बंदिशींवरून चाली बांधल्या. त्या ऐकून कितीतरी घरांतली माणसे पदावरून बंदिशीकडे आणि बंदिशीवरून रागाकडे गेली. म्हणजे दुसऱ्याचे घेणे हा दोष नव्हे. कलेचा संसार उसनवारीवरच चालतो. आपल्या छापील पुस्तकांत ‘चाल’ ही ओळ होती म्हणून परतीची वाट दिसत राहिली, इतकेच. त्या ओळीतही मूळ गायकाचे नाव क्वचितच असे, हे मान्य केले पाहिजे. आपलाही हिशेब पुरता चुकता झालेला नाही.

शेवटी एक सांगायचे. मूळ शोधत गेलो तेव्हा आरंभी मी आयझ्ली ब्रदर्स, ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन यांना बीटल्सचे आणि स्टोन्सचे पूर्वज म्हणून ऐकत होतो. म्हणजे अजूनही मी वरची ओळ पदासाठीच वाचत होतो. ‘रिस्पेक्ट’ हे गाणे रेडिंग यांनी १९६५ मध्ये लिहून गायले, एका पुरुषाची घरातल्या मानाची मागणी म्हणून. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन यांनी तेच गाणे स्त्रीच्या तोंडी घातले आणि त्याचा अर्थ फिरवून टाकला. ते ऐकताना एके दिवशी ध्यानात आले की येथे रॉकचा कुठे संबंधच नाही. हे कुणाचे मूळ म्हणून थोर नाही, ते स्वतःच थोर आहे. त्या दिवशी माझे कान खऱ्या अर्थाने उघडले.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच. आज आपल्या खिशातल्या यंत्रात सारे संगीत आहे, पण तिथेही आपल्याला काय आवडेल हे दुसरा कुणीतरी ठरवून पुढे ठेवतो. जे गाणे आवडेल त्यावर भरभरून प्रेम करा. मग क्षणभर थांबा आणि विचारा : चाल कुणाची? उत्तर शोधत जा आणि जिथे पोहोचाल तिथे थोडा मुक्काम करा.

सर, आज मी वरची ओळ वाचून दाखवली आहे. काही उच्चार चुकले असतील, तर क्षमा असावी.